मुकाट्याने मोटर काढणारी माणसं

पाणबुडी मोटर विहिरीतून वर काढायला चार माणसं लागतात आणि आवाज दहा माणसांचा होतो. आत उतरलेला ओरडतो, दोर धरलेले ओरडतात, आणि ज्याचा त्या मोटरशी काहीच संबंध नाही असा थडीवरचा एक जण सगळ्यांत जास्त ओरडतो. "घे, घे... थांब न लेका, माह्या डोक्शावर आणून राह्यला काय." हे मी लहानपणापासून ऐकलेलं. त्यामुळे त्या हिवाळ्यात मावशीच्या शेतातली जळालेली मोटर तीन माणसांनी एक शब्द न बोलता वर काढली, तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं, पण काय ते लगेच कळलं नाही.

बारीक माणूस आत उतरला. थोड्या वेळाने दोराला दोन हिसके बसले. वरच्या दोघांनी ओढलं. एक हिसका, थांबले. पुन्हा दोन. मोटर पाण्याबाहेर आली तशी वरच्या दोघांतल्या जाड्याने तिच्याखाली गोणपाट धरलं, निथळणाऱ्या पाण्याचा आवाज होऊ नये म्हणून. भर दुपारचे बारा वाजले होते. मावशीच्या चुलीवर चहा उकळायच्या आत मोटर बैलगाडीत होती. मग बारक्याने एक तुराटी उपटली आणि विहिरीपासून बांधापर्यंत उलटं चालत तो तिघांच्या पावलांचे ठसे पुसू लागला.

तिघांतला थोरला, मिस्त्री, खाकरला. बारका थांबला, हातातल्या तुराटीकडे त्याने पाहिलं आणि ती हळूच बांधावर ठेवून दिली. जाड्याला हसू आलं. मिस्त्रीला आलं नाही, कारण त्याने मला पाहिलं होतं.

मावशीचं गाव तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याकडे, गोड्या पाण्याच्या पट्ट्यात. मावसा एस.टी.त कंडक्टर, आठवड्यातून दोन दिवस घरी. शेती मावशीची. तिचा पाय मोडला म्हणून मी अमरावतीहून दोन महिन्यांसाठी तिच्याकडे आले होते. वय बावीस. मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील नोकरी सांभाळून चळवळीत होते, आणि आमच्या घरात पलंगाखाली सुटकेसच्या जागी पत्रकांचे गठ्ठे असत. अक्षरं मी त्यांवरच शिकले. आई आठवड्यात तिसऱ्यांदा भेंडी करायला निघाली तेव्हा मी एका पत्रकाच्या पाठीवर निषेधाचा ठराव लिहून स्वयंपाकघराच्या दाराला चिकटवला होता. वडिलांनी त्यातल्या शुद्धलेखनाच्या दोन चुका सुधारल्या. आईने भेंडी केलीच.

ती वर्षं वऱ्हाडाला वाईट होती. कोणत्या घरात काय झालं हे लोक आवाज खाली आणून सांगत, आणि गाड्यांमधून माणसं येऊन फोटो काढून जात. त्यात विहिरींवरच्या मोटरी चोरीला जाऊ लागल्या. हरभरा घाटे धरायच्या वेळेला मोटर गेली की पीक गेलं. दिवसाची लाईन, म्हणजे वीज, आठवड्यातून तीनच दिवस असायची; त्या तीन दिवसांत पाणी फिरलं नाही तर नंतर रडून उपयोग नाही. पोलीस ठाण्यात अर्ज घेत आणि बसा म्हणत. मी येऊन पंधरा दिवस झाले नव्हते तोच पत्रक लिहिलं: "मोटरचोरांना अभय कुणाचं?" छापखान्यात गुलाबी कागद शिल्लक होता, त्यावर छापून घेतलं. शेवटची ओळ अशी होती : "गावात अनोळखी माणूस फिरताना दिसला तर त्याला अडवा, जाब विचारा, सोडू नका." त्या 'सोडू नका'चा मला अभिमान होता. आठवडी बाजारात उभी राहून मी पाच गावांत ते पत्रक वाटलं.

हे तिघं माझ्या आधी, दिवाळीच्या सुमाराला आले होते. अकोल्याचे, एवढंच माहीत. मावशीने रस्त्याकडेची कापूस ठेवायची टिनाची खोली त्यांना दिली होती. बाहेर पाटी : "येथे मोटर भरून मिळेल." म्हणजे जळालेल्या मोटरीत तांब्याची नवी तार गुंडाळून मिळेल. काम चोख. थोरला पन्नाशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्याला सगळं गाव मिस्त्री म्हणायचं. जाड्या स्वयंपाक करायचा आणि रोज करपवायचा. खोलीमागे त्यांनी मेथी पेरली होती, ती बकऱ्यांनी खाल्ली, पुन्हा पेरली, पुन्हा खाल्ली. खोलीला ते कुलूप लावत नसत. "कुलपानं काई होत नाई," असं जाड्या म्हणायचा, आणि ते तो अगदी खात्रीने म्हणायचा.

मोटर काढली त्याच सोमवारी दुपारी मी त्या खोलीत गेले. मिस्त्री आमची मोटर उघडून बसला होता.

"मिस्त्री, हे काम कुठं शिकले तुमी?"

"कोन्तं? भराचं का काढाचं?"

"काढाचं."

त्याने पक्कड खाली ठेवली. "भराचं जेलात शिकलो. तिथं वर्ग असते. काढाचं त्याच्या आधी."

मी नकाराची तयारी करून गेले होते. मुद्दे मनात लावून ठेवले होते. नकारच आला नाही, त्यामुळे ते मुद्दे तसेच राहिले.

"किती मोटरी?"

"मोजल्या नाई."

"मोजल्या होत्या," जाड्या भाकरी थापता थापता म्हणाला, "तुमीच म्हनले, इसरून जा."

"या गावातली एखादी?"

जाड्याने भाकरी तव्यावर टाकली. मग मिस्त्री म्हणाला, "एक. चार साल झाले. चाचाची."

चाचांचं शेत मावशीच्या शेताला लागून. मावशीचा पाय मोडला तेव्हा पहिले आठ दिवस चाचांच्या घरून भाकरी येत होती.

"अन तरी याच गावात राहाले आले?"

"तसं नाई ताई. रोडवर जागा भेटली, आलो. आठ दिवसानं चाचा आपली मोटर भराले घेऊन आले, तवा समजलं कोन्तं गाव हाय. रातीचं गाव अन दिवसाचं गाव येगयं दिसते."

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी म्हणाले, "शुक्रवारपर्यंत चाचाले सांगा, गावाले सांगा. नाई तर मी सांगीन. छापून."

"छापू नका. तोंडानं सांगतो."

"कधी?"

"शुक्रवारी."

रात्रीचं जेवण करताना मी मावशीला सगळं सांगितलं. तिने आधी ताटातला ठेचा संपवला. मग म्हणाली, "तुले काय भेटन व यातून?"

"प्रश्न माझा नाही. तत्त्वाचा आहे."

"तुह्या बापानं सारी जवानी पत्रकं वाटली. एक तरी मोटर वापस आली काय?" आणि थोड्या वेळाने, "माही मोटर त भरू दे त्याईले. तोवर थांबशीन न?"

बुधवारी शेजारच्या गावातून बातमी आली. सायकलवर चादरी विकणारा एक माणूस लोकांनी अडवला होता. त्याला जाब विचारला. तो घाबरला, अडखळला. त्याचं गळपट्टीचं हाड मोडलं आणि एका डोळ्याला लागलं. त्याला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. ही बातमी सांगणारा माणूस माझ्याकडे कौतुकाने आला होता. खिशातून गुलाबी कागद काढून म्हणाला, "ताई, तुमचं पत्रक कामाले आलं." मी नंतर त्या चादरीवाल्याला भेटायला दवाखान्यात गेले. मी कोण हे सांगितल्यावर त्याने भिंतीकडे तोंड केलं. त्यापुढे या बाबतीत लिहायचा मला हक्क नाही.

गुरुवारी सकाळी कळलं, रात्रीत चाचांची मोटर गेली. दुसऱ्यांदा.

नऊ वाजेपर्यंत ग्रामपंचायतीसमोर माणसं जमू लागली होती. हरभरा फुलावर, सोमवारपासून दिवसाची लाईन, आणि चाचांची विहीर मोकळी. कुणीतरी म्हणालंच, "थे तिघं कोन हाय? अकोल्याचे म्हनते. पन कोन ओयखते त्याईले?" मी गर्दीच्या कडेला होते. मला उत्तर माहीत होतं. ते एक वाक्य मी बोलले असते तर दहा मिनिटांत त्या खोलीचे पत्रे उडाले असते. आणि ते वाक्य खरं होतं. खरं असलेलं वाक्य न बोलता उभं राहायची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ.

मी खोलीकडे धावले. तिघं बाहेरच बसले होते. त्यांना कळलं होतं.

"आमी नाई," मिस्त्री म्हणाला.

"मी काहून विश्वास ठेवू?"

"नका ठेवू. इहिरीवर चला."

विहिरीवर चाचा एकटेच होते, थडीवर बसलेले. स्टार्टरची पेटी फोडून उघडी पडली होती. मिस्त्री विहिरीभोवती फिरला, वाकला, जमिनीला बोट लावून पाहिलं. त्याचा चेहरा हळूहळू बदलत गेला. एखाद्या शिंप्याने दुसऱ्याचं उसवलेलं काम पाहावं, तसा.

"चार जन होते. हे पाहा, टाच घसरली. दोर सिद्दा दगडावरून ओढला. गोनपाट नाई, काई नाई. अन पाइप कापला. काहून कापता बाप्पा? आटे खोलाले पाच मिंटं लागते."

"वायर पाहा," बारका म्हणाला. "दातानं तोडल्यावानी."

जाड्याला राहवलं नाही. "अशे लोक या धंद्यात घुसले म्हून त..."

मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलं. तो थांबला, पण उशीर झाला होता. चाचांनी मान वर केली.

"कोन्त्या धंद्यात?"

लांबून ग्रामपंचायतीकडचा गलका ऐकू येत होता. मिस्त्रीने मला चार पावलं बाजूला नेलं आणि घाईघाईने सांगितलं. तेलाचे थेंब नाल्याकडे गेले आहेत. सबंध मोटर कुणी दिवसा अकोल्याला नेत नाही, ती ओळखू येते. ती फोडतात, तार काढतात, तारेवरचं आवरण जाळतात, आणि मग तांबं पोत्यात घालून नेतात. जाळ रात्री दिसतो, म्हणून दुपारी जाळायचं. तेही जिथे धुराचं कुणाला नवल वाटणार नाही तिथे. नाल्याच्या खालच्या अंगाला वीटभट्टी आहे, तिच्या मागे. "आमी बी तार तिथंच जायत होतो. तीन-चार वाजेपर्यंत मोटर साबूत राहीन. मंग नाई."

"मग जा न तुम्ही तिघं. घेऊन या."

"आमी तिघं चाचाची मोटर उचलून गावात आलो, त काय दिसन?"

ते माझ्या लक्षातच आलं नव्हतं. मग मी जे म्हणाले ते अजून मला टोचतं. मी म्हणाले, "मी सांगते गावाला. मला कुणीतरी सांगितलं म्हणून सांगते. तुमचं नाव घेत नाही." सोमवारी त्याला मुदत देणारी मीच, गुरुवारी त्याच्यासाठी खोटं बोलायला निघाले होते. तत्त्व बदललं नव्हतं. मला त्या चादरीवाल्याचं मोडलेलं हाड आठवत होतं.

मिस्त्रीने मान हलवली. "कोन सांगतलं, हे त विचारतीनच. तुमी नाई सांगतलं त लोक आपल्या मनानंच कोनाचं बी नाव घेतीन." आणि मग, "शुक्रवार म्हनलं होतं. एक दिवस आधी."

ग्रामपंचायतीच्या ओट्यासमोर पन्नाससाठ माणसं होती. मिस्त्री ओट्यावर चढला नाही. खालीच उभा राहून बोलला. मोटर कुठे असेल ते आधी सांगितलं. मग कुणीतरी विचारलंच, "तुले कसं मालूम?"

"मी आधी हेच करत होतो," तो म्हणाला. "चाचाची आधीची मोटर मीच नेली होती. आता तीन साल जेल काढून आलो."

मग बाजूने एक हात आला आणि मिस्त्रीच्या कानशिलात बसला. चष्मा उडाला. दुसरा हात. कुणाच्या हातात बैल हाकायची तुतारी होती, ती वर गेलेली मी पाहिली. मी ओरडत होते, पण काय ओरडत होते ते मलाच ऐकू येत नव्हतं. माझा आवाज बाजारात चालायचा. तिथे नाही चालला.

चालली ती मावशीची काठी. ती कधी आली मला माहीत नाही. मोडक्या पायाने लंगडत गर्दीत घुसली आणि मिस्त्रीच्या पुढ्यात जमिनीवर बसकण मारली.

"मारा न," ती म्हणाली. "मी काई नाई म्हनत. पन आधी भट्टीवर जा. चार वाजून गेले त मोटर बी जाईन अन मारून बी काई भेटनार नाई. मोटर नाई सापडली त वापस या अन मारा. हा कुठं पळून चालला? मी बसली हाय याच्यापाशी."

"काकू, तुमी मंधात पडू नका."

"पडली नाई रे, बसली हाय. पाय मोडला माहा, दिसत नाई तुले?"

कोणीतरी हसलं. त्या एका हसण्याने ती तुतारी खाली आली. ट्रॅक्टर काढला. बारका आणि जाड्या वाट दाखवायला, सोबत पंधरावीस जण. मिस्त्री ओलीस. त्याच्याभोवती आठदहा माणसं उभी राहिली.

एक वाजला. दोन वाजले. मिस्त्रीच्या कानातून रक्त आलं होतं, ते वाळलं. मी चष्मा शोधून दिला. दोरा तुटला होता, त्याने चष्मा तसाच हातात धरून ठेवला. कुणी तरी म्हणालं, भट्टीवर नसन तं याचे हात तोडू. ते रागाने नव्हे, ठरवल्यासारखं म्हणालं, म्हणून जास्त भीती वाटली. मोटर सापडली नसती तर काय झालं असतं, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं, मिस्त्रीला धरून.

चाचा ट्रॅक्टरबरोबर गेले नव्हते. ते मिस्त्रीसमोर येऊन बसले.

"माही पह्यली मोटर तुमीच नेली?"

"हाव."

"पेटी फोडली नव्हती."

"नाई. पेटीले आमी तारेनं खोलत होतो."

"पाइप कापला नव्हता. आटे खोलले होते. पाय बी उमटले नव्हते कोनाचे." चाचा बोलताना त्याच्याकडे पाहत नव्हते, जमिनीकडे पाहत होते. "मी म्हनलं, इतकं सफाईनं काम बाहेरचा मानूस कसा करन? हे घरच्याचंच हाय. पेटीची दुसरी चाबी माह्या साल्यापाशी होती. मी त्याले चोर म्हनलं. त्याच्या बहिनीसमोर, माह्या पोराईसमोर. चार साल झाले, थो ईदले माह्या घरी येत नाई."

मिस्त्रीने मार खाल्ला होता, पण त्याचं तोंड इतकं उतरलेलं मी आता पाहिलं. ज्या सफाईचा त्याला सकाळी विहिरीवर अभिमान वाटला होता, तिने काय केलं होतं ते त्याला कुणी आजवर सांगितलंच नव्हतं.

सव्वातीनला ट्रॅक्टरचा आवाज आला. मोटर होती. झाकण काढलेलं, तार एका बाजूने छाटलेली, पण जळालेली नव्हती. चोर नाला ओलांडून पळाले होते. जाड्याचा सदरा फाटला होता, आणि तो मार गावकऱ्यांचा की चोरांचा हे त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

मोटर सापडली म्हणून गाव थंड झालं, पण विरघळलं नाही. सरपंच म्हणाले, "मोटर भेटली, बरं झालं. पन चोर गावात नाई ठेवत. उद्या सकाई यायनं जावं." बऱ्याच जणांनी माना हलवल्या. मीही विचार केला, हे न्यायाचंच आहे. बारका सामान आवरायला खोलीकडे वळलाही.

चाचा म्हणाले, "मोटर भरन कोन? सोमवारी लाईन येते."

तेल्हाऱ्यात मोटर टाकली तर आठ दिवस.

"मोटर भरा, इहिरीत सोडा," चाचा मिस्त्रीला म्हणाले. "मंगयवारी माह्यासंगं मोर्शीले चाला. माह्या साल्यासमोर बोला, जे आता बोलले थे. मंग थो म्हनन रहा, त रहा. थो म्हनन जा, त जा. गावानं मंधात बोलू नये. मोटर माही होती."

सरपंचांना हे फारसं पटलं नाही, पण चाचांपुढे ते बोलले नाहीत.

सोमवारी चाचांच्या विहिरीवर मोटर चालू झाली, आणि मंगळवारी पहाटेच्या गाडीने चाचा, मिस्त्री आणि मी निघालो. मला कुणी बोलावलं नव्हतं. अकोट, अंजनगाव, परतवाडा. गाड्या बदलत दुपार झाली. रस्त्यात चाचा आणि मिस्त्री एकाच बाकावर बसले होते आणि एकमेकांशी एक अक्षर बोलले नाहीत. परतवाड्याला चाचांनी तीन चहा सांगितले. एवढंच.

चाचांचा मेहुणा मोर्शीत संत्र्यांचा व्यापारी. अंगणात पेट्यांची थप्पी, गवत पसरलेलं, माणसं फळं निवडत बसलेली. चाचांना पाहून तो उठला नाही. बसा असंही म्हणाला नाही. मिस्त्रीने उभ्यानेच सांगितलं. या वेळी पेटी, आटे, तार, सगळं सविस्तर, कारण मेहुण्याने एकेक प्रश्न विचारला, आणि तो खोटं पकडायला टपलेला होता. चाबीचं आलं तेव्हा त्याने विचारलं, "बगैर चाबी के?" मिस्त्रीने खाली पडलेली संत्र्याच्या पेटीची तार उचलली, वाकवली आणि अंगणाच्या फाटकाचं कुलूप त्याच्यासमोर उघडून दाखवलं. फळं निवडणाऱ्यांचे हात थांबले.

मेहुण्याने जवळ जाऊन ते उघडं कुलूप निरखलं. मग मिस्त्रीकडे बोट करून चाचांना म्हणाला, "दुल्हाभाई, मोटर ये ले गया. मेरे को चोर तो तुमने बोले."

चाचांनी मान खाली घातली.

"इसने आ के अपना बोल दिया. तुमने चार साल में नई बोला."

"आता बोलाले आलो," चाचा म्हणाले. त्यांचा आवाज फुटत होता. "गलती माही हाय. मी घरच्या मानसाले विचारलंच नाई, सिद्दा बोललो."

मी फाटकाजवळ उभी होते. तिथून पुढे गेले नाही; मला माझं ते 'सोडू नका' आठवत होतं.

मेहुण्याने एक रिकामी पेटी उलटी करून चाचांपुढे सरकवली. ते बसले. दुसरी पेटी त्याने मिस्त्रीकडे पायाने ढकलली. "तू गाव में रह. तेरे से मेरा कुछ नई," तो म्हणाला. "मगर वो कुलूप वापस लगा. और ये कैसे खोला, मेरे आदमी लोगों को मत सिखाना."

मिस्त्री कुलूप लावायला गेला. ते लागत नव्हतं. उघडताना काहीतरी वाकलं होतं. तो घामाघूम होऊन खटपट करत राहिला, आणि चाचा आणि त्यांचा मेहुणा, चार वर्षांनी एका अंगणात बसून, त्याला एकाच वेळी दोन वेगवेगळ्या सूचना देत होते.